शिंक, फुगडी, जिना आणि निसटणारी लघवी : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
श्रावण तोंडावर आलाय, सोसायटीत मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली. काल फुगडीची वेळ आली आणि पस्तिशीतली एक मैत्रीण "गुडघा धरलाय गं" म्हणत भिंतीला टेकून बसली. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. धाकटीच्या वेळेपासून मीही कितीतरी वर्षं हेच कारण सांगत होते, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं.

माझं बाळंतपण चिमटा लावून झालं. त्यानंतर शिंक आली, खळखळून हसले, पाण्याची बादली उचलली की लघवी निसटायची. घरातल्या मोठ्या बायका म्हणायच्या, पोरं झाल्यावर व्हायचंच. एका डॉक्टरांनी तर न तपासताच "पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल" असं सुचवलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी लघवी तपासायला दिली, आतून तपासलं, टेबलावरच खोकायला लावलं आणि फिजिओकडे पाठवलं. फिजिओताई म्हणाल्या, बहुतेकजणी केगल (लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा व्यायाम) म्हणून पोट नि कुल्ले आवळतात, वर श्वास रोखतात. आवळायचे ते खालचे स्नायू, चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण आवळतो ना, तसे, आत-वर ओढून. दिवसातून तीनदा, दर वेळी आठ-दहादा. काही सावकाश धरून ठेवायचे, काही झटपट. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. तिसऱ्या महिन्यात पॅड सुटला.

औषध, ऑपरेशन, पेसरी (आधाराला आतून बसवतात ती रिंग), जे केलंत ते लिहा. ती मैत्रीण वाचणार आहे.

साधीसुधी
+१. माझं खोकल्याचं नाही, घाईचं. किल्ली कुलपात घातली की संपलं, बाथरूमपर्यंत पोचायचंच नाही. नळाचा आवाज आला तरी तेच. डॉक्टरांनी तीन दिवस डायरी लिहायला लावली, किती प्यायले, किती वाजता गेले, मापाच्या भांड्यात किती झाली. त्यात दिसलं की दर अर्ध्या-पाऊण तासाला जातेय आणि होतेय जेमतेम शंभर मिली. मग वेळ वाढवायची. कळ आली की जागच्या जागी थांबायचं, चार-पाचदा पटापट आवळायचं, कळ ओसरली की शांतपणे जायचं. पहिला आठवडा रडकुंडीला आणतो. दीडेक महिन्यात अडीच तासांवर आले. कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर

मोगरा७२
चहाचं लिहा कुणीतरी! मला सोडायला सांगितलाय.

साधीसुधी
@मोगरा७२ सकाळचा एक ठेवलाय, बाकी बंद. कळ खरंच कमी झाली.

मोगरा७२
गवती चहा नुसता उकळून चालेल ना? आमच्याकडे कुंडीत एवढा माजलाय, ठाण्यात कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

एसटीवाली
रोज दीड तास एसटीने शाळेत जाते. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही म्हणून आम्ही सगळ्याजणी निघताना पाणीच पीत नाही. लघवी पिवळीधमक, आग, मग इन्फेक्शन, मग पुन्हा निसटणं. मुंबईत बायकांनी स्वच्छतागृहांसाठी २०११ पासून 'राइट टू पी' (लघवीला जाण्याचा हक्क) म्हणून मोहीम चालवली, तालुक्याच्या गावात कोण बोलणार? गोळ्या द्या, व्यायाम द्या, पण जायला जागा तर द्या. खूप चीड येते याची.

नऊवारीप्रेमी
एसटीवाली ताई, शंभर टक्के. आणि खेळांच्या दिवशी शिवलेली नऊवारी नेसून बाथरूमला जाणं म्हणजे दिव्य. यंदा आम्ही शिंपीकाकांना कमरेला नाडीऐवजी इलॅस्टिक लावायला सांगितलंय.

रानजाई
@नऊवारीप्रेमी कुठल्या शिंप्याकडे? शिलाई किती?

टेम्सकाठी
ऑपरेशनबद्दल लिहिते. मलाही खोकल्या-हसण्याचाच त्रास. इंग्लंडमध्ये आधी तीन महिने फिजिओ करावाच लागतो, मी मनापासून केला, थोडाच फरक पडला. पूर्वी अशा वेळी मूत्रनळीखाली जाळीची पट्टी सर्रास बसवायचे. काही बायकांना तिचा फार त्रास झाला, जाळी रुतणं, सततचं दुखणं, आणि २०१८ मध्ये इथे ती पट्टी बसवणं थांबवलं. मला तीन पर्याय सांगितले. पोटाच्याच आवरणाची पट्टी काढून तिचा आधार द्यायचा, टाके घालून मूत्राशयाचा खालचा भाग उचलून धरायचा, किंवा मूत्रनळीभोवती फुगवटा देणारं इंजेक्शन. इंजेक्शन सोपं, पण पुन्हा घ्यावं लागू शकतं. मी स्वतःच्या पट्टीचं केलं. सुरुवातीला लघवी पूर्ण होत नव्हती म्हणून नळी घेऊन घरी आले, ते दिवस अवघड गेले. आता बसमागे धावते. भारतात जाळीची पट्टी बसवतात, अनेकींना उत्तम फायदाही होतो; फक्त सही करण्याआधी "पुढे काढावी लागली तर कोण काढेल?" एवढं विचाराच.

खानदेशी सून
सासूबाई पंच्याहत्तरीच्या. अंग बाहेर यायचं, लघवी अडायची आणि निसटायचीही. हृदयाचा त्रास म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. सिलिकॉनची रिंग बसवली, दर काही महिन्यांनी दवाखान्यात जाऊन धुऊन-तपासून घेतो. सोबत इस्ट्रोजेनची क्रीम, आतून लावायची. त्या आधी लाजून तयारच नव्हत्या, आता शेजारच्या आजींना सांगतात, "जाय ना माय, काही दुखत नाही."

एक मुलगा
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आईला घाईच्या लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू केलं होतं. तोंड कोरडं, पोट साफ होईना, आणि महिन्याभरात ती विसरायला, बरळायला लागली. आम्हाला वाटलं वय झालं. वयस्करांच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, ही बंद केली आणि बीपी बघून मिराबेग्रॉन दिलं. आई पुन्हा शब्दकोडं सोडवते. घरात वयस्कर कुणी असेल तर कृपया लक्ष ठेवा.

रानजाई
@एक मुलगा चालेल काय, धन्यवाद! आईंना नमस्कार सांगा.

कडूलिंब
गोळ्यांनी भागलं नाही म्हणून मूत्राशयात बोटॉक्स घेतलं. हो, तेच सुरकुत्यांचं. सात-आठ महिने बरे जातात, मग परत. आधी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवतात, काहींना ती वेळ येते म्हणून. मला नाही आली. मोबाईलवरून टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

डॉक्टरीणबाई
थोडं घाईत लिहिते, ओपीडी आहे. रानजाई, गर्भाशय काढणं हा लघवी निसटण्यावरचा उपचार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. पोटाखालच्या कुठल्याही तक्रारीला "पिशवी काढा" हे उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक दिसतो. मधुमेह आणि बद्धकोष्ठता आधी आवरा. लघवी मधेच थांबवून व्यायाम करू नका. लघवीत रक्त, ताप, किंवा पायांना एकदम बधिरपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर रात्रंदिवस सतत गळत असेल तर तो वेगळा आजार, मूत्राशयाला पडलेलं भोक असू शकतं. ते व्यायामाने भरत नाही, बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते.

मोगरा७२
डॉक्टरीणबाई, बीपीची पाण्याची गोळी रात्री घेते. त्याने उठावं लागत असेल का? रात्रीतून चारदा.

डॉक्टरीणबाई
@मोगरा७२ असू शकतं. मनाने बदलू नका, तुमच्या डॉक्टरांना सकाळी घेऊ का विचारा. पायावर सूज असेल तर तेही सांगा.

एसटीवाली
नाशिकमध्ये हे शिकवणाऱ्या फिजिओ कुणाला माहीत आहेत का? रविवारी भेटणाऱ्या हव्यात.

साधीसुधी
@एसटीवाली व्यक्तिगत निरोप केलाय. रविवारी नाही, शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत असतात. आधी फोन करून जा, गर्दी असते.