लकडी पूल की संभाजी पूल? पुण्याच्या पत्त्यात नेमकं काय लिहावं

धागाकर्ता:
पुण्यात चौक, पूल, रस्ते सगळ्यांना दोन-दोन नावं. अलका चौक पाटीवर टिळक चौक, लकडी पूल कागदोपत्री संभाजी पूल, एफसी रोड म्हणजे नामदार गोखले पथ, विद्यापीठ चौक म्हणजे आचार्य आनंदऋषीजी चौक. माझं मत असं की पत्त्यात, बसथांब्यावर आणि दिशादर्शक फलकावर तोंडातलं नाव आधी आणि ठळक हवं, गौरवाचं खाली. गौरवाची नावं मोजक्याच थोरांची, म्हणून ती पुन्हा पुन्हा येतात. टिळक रस्ता, टिळक चौक, टिळक स्मारक, शिवाय मंडईत टिळकांचा पुतळा. संभाजी पूल एकीकडे, संभाजी उद्यान जंगली महाराज रस्त्यावर. अलका मात्र एकच.

नकाशावाला:
साफ विरोध. तोंडातल्या नावाला हद्द नसते. 'डेक्कन' कुठे सुरू होतं? कुणाच्या लेखी गुडलक चौक ते लकडी पूल, कुणी प्रभात रोडही त्यातच धरतो. 'स्वारगेटला उभा आहे' यात एसटी स्थानक आलं, पीएमपीचा थांबा आला, मेट्रोचं भुयारी स्टेशन आलं आणि जेधे चौकही आला. गप्पांना चालतं. १०८ ला फोन करून 'स्वारगेटला या' म्हटलं तर रुग्णवाहिका चौकाच्या कुठल्या अंगाला थांबणार? आणि नवखा माणूस नळस्टॉपला नळ शोधत बसेल.

पेठकरीण:
नळ गेला, नाव राहिलं, याचाच अर्थ नावाला नळाची गरज उरली नाही! मेट्रोनेही स्टेशनला नळस्टॉपच म्हटलं. वनाज तर एका कारखान्याचं नाव. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली, तेव्हा 'हे नाव कुणाचं' असं विचारत कुणी अडलं नाही. उलट नाशिक फाट्यावरच्या स्टेशनला भोसरी नाव दिलं तिथे घोळ झाला, कारण भोसरी गाव तिथून चांगलंच लांब. नाव कागदावर होतं, जागेवर नव्हतं.

आता पेठांकडे या. मारुती, विठोबा, गणपती पेठोपेठी, मग ओळखायचे कसे? जुन्या पुण्याने देवाला विशेषण लावलं. डुल्या मारुती गणेश पेठेत, पत्र्या मारुती नारायण पेठेत, पासोड्या विठोबा बुधवारात, निवडुंग्या विठोबा नाना पेठेत, उपाशी विठोबा आणि खुन्या मुरलीधर सदाशिवात, गुपचूप गणपती शनिवारात. बाहेरच्याला ही थट्टा वाटते. खरं तर विशेषण हाच इथे घरनंबर आहे. 'मारुतीजवळ' म्हणून पोचता येत नाही, 'पत्र्या मारुतीजवळ' म्हटलं की चूक होत नाही.

पिनकोड:
दोघांचंही अर्धंच बरोबर. पेठेतला घरनंबर रस्त्याप्रमाणे चालत नाही, तो अख्ख्या पेठेचा असतो. '१२३४ सदाशिव पेठ' एवढ्यावरून घर टिळक रस्त्याच्या बाजूला की लक्ष्मी रस्त्याच्या, काही कळत नाही. त्यात वाडा पाडून इमारत झाली की वाड्याचं नाव जातं आणि नंबर तेवढा राहतो. पिनकोडही एकटा पुरत नाही: ४११०३० मध्ये सदाशिव, नारायण, शनिवार तिन्ही आल्या, ४११००४ मध्ये डेक्कनही आणि एरंडवणेही.

म्हणून पत्ता असा लिहावा: इमारत आणि मजला, नंबर व पेठ, मग एकच खूण, शेवटी पिनकोड. खूण चालत दोन मिनिटांच्या आतली हवी आणि ती समोर, मागे की शेजारी हे लिहावं. 'जवळ' हा शब्द कुचकामी आहे. दार बोळातून असेल तर बोळ कुठल्या रस्त्याला लागतो तेही लिहा; फोनवरच्या नकाशाची टाचणी बऱ्याचदा इमारतीच्या पाठीमागच्या रस्त्यावर पडते आणि पार्सलवाला भिंतीपलीकडून फोन करत राहतो. दुकानाची खूण देऊ नका, दुकान हलतं. देऊळ सहसा हलत नाही.

एबीसी, जेएम (जंगली महाराज रस्ता), सपे (सदाशिव पेठ) ही बोलायची नावं. पत्त्यात अप्पा बळवंत चौक असंच पूर्ण लिहा.

नकाशावाला:
देवळाची खूण मान्य. पण फलकावर सपे आणि एफसी रंगवायला लागलात तर माझा विरोध कायम. शिवाय नवी नावं तोंडी बसत नाहीत म्हणून बदलूच नयेत, असं कुणी म्हणेल तर तेही पटत नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, आता नव्या पोरांच्या तोंडी प्रभादेवीच बसलंय.

पेठकरीण:
प्रभादेवी बसलं, कारण ते त्याच वस्तीचं नाव होतं. व्हीटीचं बघा. १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी, तरी टॅक्सीवाल्याला अजून व्हीटीच सांगतात.

धागाकर्ता:
आणि शनिवारवाड्याजवळचा छत्रपती शिवाजी पूल? त्याने शंभरी ओलांडली, तरी लोकांचा तो नवा पूलच.

नकाशावाला:
त्या पुलाबाबत माघार. पण नवख्याला पत्ता देताना 'नवा' शब्द वापरू नका, तो चकचकीत पूल शोधत पार बाणेरला जाईल.