मामाजींचं वॉरफरिन चालू आहे, कोरियन जिनसेंग चालेल का?

सेलूची सून
आमच्या मामाजींचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला आहे, धातूचा. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी वॉरफरिन आणि महिन्याच्या महिन्याला नागपूरला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी; आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ. धाकटे दीर पुण्याला कोरियन कंपनीत आहेत, त्यांनी दिवाळीत लाल जिनसेंगची बरणी आणली. काकवीसारखा काळा, चिकट अर्क, सोबत इवलासा चमचा. मामाजी रोज सकाळी कोमट पाण्यात घेऊन राहिले. म्हणतात, आता पऱ्हाटी मी एकटाच वेचतो! सासूबाईंचं म्हणणं, "मुळीच आहे नं, कायले भेतं?" मला मात्र धाकधूक आहे. त्यात असतं तरी काय?

पऱ्हाटीवाला
घेऊ द्या बिनधास्त ताई. जिनसेंग म्हणजे आपली आस्कंद, अश्वगंधाच. आमच्या धुऱ्यावर फुकट उगवते. त्या बरणीच्या पैशात बकरी आली असती.

दिग्रसचा मेडिकलवाला
भाऊ, बकरीचं पटलं, आस्कंदीचं नाही. आस्कंद वांग्या-टमाट्याच्या कुळातली, तिच्यात विथॅनोलाइड नावाची द्रव्यं असतात. जिनसेंगचं कुळच वेगळं. आस्कंदीला दिलेलं 'भारतीय जिनसेंग' हे नाव डब्बे खपवायला बरं आहे.

ताई, जिनसेंगच्या मुळीत जिनसेनोसाइड असतात. हे सॅपोनिन, रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. आरबी-१, आरजी-१ असे बरेच प्रकार आहेत. मुळी वाफवून वाळवली की लाल होते आणि त्या वाफेत आरजी-३ सारखे प्रकार वाढतात. गंमत म्हणजे मूळ रेणू रक्तात फारसा शिरतच नाही. आतड्यातले जिवाणू त्याला चिकटलेली साखर तोडतात, त्यातून 'कंपाउंड के' बनतं आणि ते शोषलं जातं. ज्याच्या पोटात जसे जिवाणू तसा गुण. म्हणून गिऱ्हाइकांत एक जण म्हणतो अंगात तरतरी आली, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात.

असर होतच नाही असं नाही. प्रयोगशाळेत जिनसेनोसाइडमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटताना दिसलंय, त्यानं वाहिनी सैल पडते. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००० साली ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंग देऊन पाहिलं, तर ग्लुकोज पाजल्यावर साखर कमी चढली. एकट्यानं पऱ्हाटी वेचून होते असं मात्र कुठं वाचलं नाही.

आता मामाजींचं. १९९७ साली अमेरिकेतल्या एका रुग्णाची नोंद छापून आली. त्यालाही कृत्रिम व्हॉल्व्ह, वॉरफरिन चालू. जिनसेंग सुरू केल्यावर दोन आठवड्यांत आयएनआर ३.१ वरून १.५ वर आला, बंद केल्यावर परत ३.३. २००४ मध्ये निरोगी माणसांवरच्या चाचणीत अमेरिकन जिनसेंगनं वॉरफरिनचा असर घटवला. कोरियन जिनसेंगच्या एका चाचणीत फरक दिसला नाही, हेही खरं. पण आयएनआर उतरला की धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरते. माझे वडील असते तर मी बरणी उचलून ठेवली असती.

एक सांगा, दिवाळीनंतर वॉरफरिन वाढवलं का?

सेलूची सून
हो ना भाऊ! मागच्या खेपेला आयएनआर १.७ आला म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. जिनसेंगचं आम्ही कोणी बोललोच नाही. मग आजच बरणी बंद करते.

दिग्रसचा मेडिकलवाला
आधी डॉक्टरांना फोन, मग बरणी. वाढवलेली गोळी तशीच राहिली आणि जिनसेंग सुटलं, तर आयएनआर उलटा वर जाईल. बरणीचा फोटो पाठवा, कधीपासून आणि किती चमचे ते सांगा, रक्त लवकर तपासा. गोळी मनानं कमी-जास्त नका करू. हिरड्यांतून रक्त, काळी शी किंवा अंगावर निळे डाग दिसले तर तारखेची वाट न पाहता तडक दवाखाना.

पऱ्हाटीवाला
आस्कंदही नका देऊ मग ताई, माझं मागे घेतो. सासूबाईंना पटलं का?

सेलूची सून
त्यांना दिरांनी फोनवर समजावलं. बरणी सध्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्याजवळ. मामाजी रुसून वावरात गेलेत.