मदत हवी आहे: पहिलंच घर घेतोय, तरी 'दुसऱ्या घराचा' कर कसा काय?

धडपड्या
इंग्लंडमध्ये घर घेतोय, किंमत ३ लाख २० हजार पौंड. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला किल्ली मिळायची आणि आज सॉलिसिटरबाईंची ईमेल आली, 'दुसऱ्या घराच्या' दराने स्टँप ड्यूटी २२,००० पौंड! मी १,००० धरून बसलोय. फर्स्ट टाइम बायरला ३ लाखांपर्यंत शून्य, वरच्या २० हजारांवर ५ टक्के, झाले १,०००. इथे आठ वर्षं भाड्याने राहतोय, घर कधी घेतलेलं नाही. बाई चुकतायत की मी? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, प्लीज लवकर.

चहाबाज
'इथे' घेतलेलं नाही म्हणजे? तिकडे नावावर काही आहे का?

घाटावरचा
दुसरं घर भारतात असेल तर काही घाबरू नका. २०१९-२० पासून दोन घरं स्वतःच्या वापरातली म्हणून दाखवता येतात, काल्पनिक भाड्यावर प्राप्तिकर लागत नाही. तिसऱ्यापासून लागतो. मी दरवर्षी असंच भरतो.

चहाबाज
काका, प्रश्न इंग्लंडचा आहे.

धडपड्या
कोथरूडला फ्लॅट आहे, पण तो बाबांचा. माझं नाव नुसतं लावलंय. त्याचा इथे काय संबंध?

आकडेमोड
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं की! सगळा संबंध तिथेच आहे. एप्रिल २०१६ पासून इंग्लंडमध्ये जादा घरावर अधिभार आहे. आधी ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के. आणि 'जादा' मोजताना जगात कुठेही असलेलं घर धरतात.
तुमचा हिशोब: सव्वा लाखापर्यंत शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के म्हणजे २,५००, उरलेल्या ७० हजारांवर ५ टक्के म्हणजे ३,५००. झाले ६,०००. अधिभार मात्र पूर्ण किमतीवर, १६,०००. एकूण २२,०००. बाई बरोबर आहेत.

बिनधास्त
कोथरूडचा फ्लॅट यांना कोण सांगायला जातंय? गप्प बसा आणि १,००० भरा.

आकडेमोड
असले सल्ले देऊ नका हो. स्टँप ड्यूटीच्या रिटर्नमधली माहिती खरी आहे म्हणून खरेदीदार जबाबदारी घेतो. उद्या निघालं तर कर, व्याज आणि वर दंड. शिवाय बाईंना यांनी आधीच सांगितलेलं दिसतंय, नाहीतर २२,००० आले कुठून?

धडपड्या
हो, त्यांच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, मी 'हो' लिहिलं. :(

रिमझिम
आम्ही २०१८ मध्ये असेच ३ टक्के भरले. घर माझ्या एकटीच्या नावावर घेत होतो, पण नवऱ्याचा नागपूरला फ्लॅट. नवरा-बायको एकच धरतात, कोणाच्याही नावावर घर असलं तरी लागतो. तुमच्या मिसेसच्या नावावर काय आहे? आणि सोपा उपाय म्हणजे ११ तारखेच्या आत कोथरूडच्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र करून टाका, नाममात्र खर्च येतो.

आकडेमोड
दुसरं घर आहे की नाही हे खरेदीच्या दिवसअखेरीस बघतात हे खरं. पण नाममात्र शुल्काचं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मिळकतीसाठी. विकत घेतलेल्या फ्लॅटचं बक्षीसपत्र लागेल, आणि बापाने मुलाला राहतं घर दिलं तर २०० रुपये, पण मुलाने बापाला दिलं की शुल्क टक्क्यांत.

रिमझिम
माझ्या दिराने केलंय हक्कसोड. आमचा वकील मूर्ख नव्हता.

आकडेमोड
दिराचं घर आजोबांचं होतं की घेतलेलं?

रिमझिम
...आजोबांचं.

थंडगार
स्कॉटलंडमध्ये हा अधिभार ८ टक्के आहे, डिसेंबर २०२४ पासून. तुम्ही सुखी आहात.

चहाबाज
धागाकर्ते, फ्लॅट नक्की किती जणांच्या नावावर आहे? हिस्सा ४०,००० पौंडांहून कमी किमतीचा असेल तर तो मोजत नाहीत. इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) काढून बघा.

धडपड्या
बायकोच्या नावावर सासऱ्यांनी घेतलेला मोकळा प्लॉट आहे, बांधकाम नाही. फ्लॅटवर बाबा आणि मी. किंमत सव्वा कोटीच्या आतबाहेर.

चहाबाज
मोकळी जमीन म्हणजे घर नव्हे, ती सोडा. पण निम्मा हिस्सा साठ लाखांवर जातो, म्हणजे ४० हजार पौंडांच्या वर. तरी इंडेक्स टू बघाच.

धडपड्या
बाबांनी आत्ता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तीन नावं आहेत! बाबा, आई, मी. २०११ साली कॉलेजातून थेट रजिस्ट्रार ऑफिसला गेलो होतो, अंगठा लावला, फोटो काढला आणि सबमिशनला पळालो. आई शेजारी उभी होती हे आठवतंय, तिने सही केली हे नाही.

चहाबाज
मग तिसरा हिस्सा, चाळीस लाखांच्या आसपास. ४० हजार पौंडांच्या आत बसायला हवा. पण तोंडी नाही चालणार, रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा दाखला घ्या आणि तो बाईंना पाठवा.

आकडेमोड
फक्त १,००० विसरा. फर्स्ट टाइम बायरसाठी हिस्सा कितीही छोटा असो, कुठेही घर असलं की सवलत गेली. अधिभार टळला तर ६,००० पडतील. घर एकट्या मिसेसच्या नावावर घेतलं तर १,०००, कारण त्यांच्याकडे फक्त प्लॉट आहे. पण कर्ज कोणाच्या पगारावर आहे?

धडपड्या
दोघांच्या. म्हणजे ६,०००. चालेल, १६,००० वाचले तरी खूप.

धडपड्या (नऊ दिवसांनी)
व्हॅल्युअर येऊन गेला, १ कोटी २० लाख धरले. बाईंनी ६,००० चं नवं पत्रक पाठवलं. सगळ्यांचे आभार. बाबा विचारतायत, एवढी कमी किंमत का धरली म्हणून. रुसलेत.

घाटावरचा
कोथरूडला १ कोटी २० लाख? कितवा मजला? लिफ्ट आहे का?

धडपड्या
तिसरा. नाही.

घाटावरचा
मग बरोबर आहे.