अनुभव धागा : पाणी सगळ्यांचं, कारभार कुणाचा?

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं. पुढं नद्यांवर जागोजागी बंधारे झाले आणि त्या घडणीला अख्खा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणू लागला. याचा अभिमान आहेच. पण अडवलेलं पाणी रोज वाटायचं कुणी, मोटर जळाली तर वर्गणी कुणी काढायची, शेवटच्या रानाला पाळी आली नाही तर दाद कुठं मागायची, हे गावागावानं आपापलं शोधलंय. ते इथं लिहा. जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. गावाचं नाव नको असेल तर तालुका पुरे. सुरुवात मी करतो.

करवीर, शेतकरी

आमची नदीवरची सहकारी उपसा पाणीपुरवठा संस्था. वडील पहिल्या सभासदांपैकी, पण रान टेलला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं. वरच्या रानात पाणी सरी फोडून ओढ्याला जायचं आणि इकडं आमच्या खोडव्याची पानं दुपारी सुरळी होऊन उभी असायची. एकरी पाणीपट्टी भरली की पाणी हवं तेवढं, हाच सगळ्यांचा समज. वार्षिक सभेत अहवाल वाचायचा, ‘मंजूर, मंजूर’ म्हणायचं, चहा घेऊन उठायचं.

एका उन्हाळ्यात उपसाबंदीचे, म्हणजे नदीतून पाणी उचलायला मनाई असलेले दिवस वाढले. उरलेल्या दिवसांत वरच्यांचंच भागलं, आमच्या लागोपाठ तीन पाळ्या गेल्या. टेलच्या आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, पट्टी भरायची नाही. रागाच्या भरात ते बरोबर वाटलं. पण वसुली थांबली तसं वीजबिल थकलं, कनेक्शन तुटलं आणि वरचं-खालचं सगळंच रान वाळायला लागलं. आमचं चुकलं, हे मी आज मोकळेपणानं लिहितो. त्यांचंही चुकलं होतं.

मग देवळात बैठक झाली. रात्री एक वाजेपर्यंत भांडण चाललं. एका म्हाताऱ्या सभासदानं, ज्यांचं रान जॅकवेलला, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीला लागून आहे, स्वतः सांगितलं की उन्हाळ्यात पाळी शेवटाकडनं सुरू करा. ते बोलले म्हणून ऐकलं गेलं, आम्ही बोललो असतो तर नसतं.

आता पाटकऱ्याची, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाची वही मोटरघरात खिळ्याला टांगलेली असते. गट नंबर, पाणी सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आणि सही पुढच्या पाळीवाल्याची. ज्याचं पाणी अडतं, तोच घड्याळ बघतो. वहीची पानं ओलसर, शाई फुटलेली, कडेला चिखलाच्या बोटांचे ठसे. पण कुणाला किती तास मिळाले, हे कुणीही जाऊन बघू शकतं. पट्टीही त्या तासांवर लावली, तेव्हा ओढ्याला जाणारं पाणी आपोआप थांबलं.

पुरासाठीही एक ठरवलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आहे. आम्ही तिथवर थांबत नाही. पाणी 35 फुटांवर गेलं की घरटी एक माणूस दोर घेऊन नदीवर, मोटर आणि स्टार्टर वर. 2019 ला हे ठरलेलं नव्हतं, सगळं पाण्याखाली गेलं. 2021 ला मोटर वाचली.

पन्हाळा, कासारी खोरं

बरग्यांबद्दल, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्यांबद्दल लिहितो. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे घालायचे, जूनच्या आत काढायचे. एवढंच तंत्र, पण सगळं वेळेवर आहे. एका वर्षी ज्याच्याकडं काम होतं त्यानं काढायला उशीर केला. मृग जोरात आला, ओंडके आणि पालापाचोळा बरग्यांना अडकला, पाणी बाजूनं फिरलं आणि काठाचं मळीचं रान तुटून गेलं. अशी माती परत मिळत नाही.

तेव्हापासून दोन्ही काठांच्या गावांतली पोरं मेअखेरीस बंधाऱ्यावर जाऊन बसतात. काम कुणाचंही असो, बरगे मोजून वर आले की नाही हे आम्ही बघतो. घालतानाही गळती लागली तर फटीत पाचट आणि चिखल ठासायला आम्हीच असतो. या कामाचा पगार नाही, कुणी मागितलाही नाही.

भुदरगड, पाणी समिती सदस्य

मी गृहिणी. आमच्या वाडीत नळाला औषधाचा वास येतो म्हणून बायकाच तक्रार करायच्या आणि मग टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड टाकणं बंद व्हायचं. तक्रार करणाऱ्यांत मीही होते. एका पावसाळ्यात वाडीत हगवण पसरली, माझा धाकटा दोन दिवस सलाईनवर होता. त्यानंतर प्रशिक्षण आलं तेव्हा मी पहिलं नाव दिलं.

ओटी टेस्ट अगदी सोपी. नळीत पाणी धरायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पहिल्या दिवशी टाकीजवळच्या नळाला छान पिवळा आला आणि सगळे खूश झाले. मी म्हटलं, खालच्या आळीत शेवटच्या घरी चला. तिथं पाणी पांढरंच राहिलं. मधे एक जोड गटारीलगत फुटलेला सापडला. तेव्हापासून टेस्ट शेवटच्या घरीच करते. त्या घरातली सासूबाई आता मी पोचायच्या आधी तांब्या भरून उंबऱ्यात ठेवतात.

शिरोळ

सगळे पाणी कमी पडल्याचं लिहितायत, आमचं उलट. वर्षानुवर्षं उसाला पाट मोकळे सोडले आणि रानं क्षारपड झाली. मातीवर पांढरा थर, पाय ठेवला की कुरकुर वाजायचं, ऊस गुडघ्यावर येऊन पिवळा पडायचा. यावर उपाय जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करणं. पण एकट्याला ते जमत नाही. माझ्या रानातलं पाणी बाहेर काढायला शेजाऱ्याचं रान ओलांडावंच लागतं.

आमच्या पट्ट्यात एकजण अडून बसला होता. सगळ्यांनी त्याला आडमुठा ठरवलं. शेवटी घरी जाऊन विचारलं तर म्हणाला, ‘माझं रान सगळ्यात खोलात. तुमच्या सगळ्यांचं खारं पाणी माझ्या चरीतनं जाणार, मग मी काय पिकवू?’ रास्त होतं त्याचं. त्याच्या हद्दीत उघड्या चरीऐवजी बंद पाईप टाकायचा आणि जादा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा असं ठरलं. महिनाभरात खुदाई सुरू झाली. आधी विचारलं असतं तर दोन हंगाम वाचले असते.

इचलकरंजी

2012 ची दूषित पाण्याची कावीळ आमच्या गल्लीनं बघितलीय, त्यावर जास्त लिहवत नाही. एवढंच म्हणतो, गावाची समिती आहे, संस्थेची सभा आहे, पण पंचगंगेची सभा नाही. वरून सोडलं जातं ते खालचा पितो आणि दोघे कधी समोरासमोर बसत नाहीत.

कागल, दूधगंगाकाठ

इचलकरंजीकर, दूधगंगेचं पाणी तुमच्या शहराला न्यायच्या सुळकूड योजनेला विरोध करणाऱ्यांत मी होतो. तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही. पण उन्हाळ्यात आमच्याही पाळ्या लांबतात. नदीतून किती उचलणार आणि कोणत्या महिन्यात आमचं किती कमी होणार, हे कुणी आमच्या चावडीत येऊन कागदावर मांडलं नाही. वरची वहीची गोष्ट वाचली आणि वाटलं, आपल्यात तीच नाही. एकदा एका जाजमावर बसायचं का?

इचलकरंजी

बसू. तुम्ही संस्थेचं पाळीचं रजिस्टर आणा. आमच्याकडं स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, नळ आला त्या दिवशी बायको तारखेला गोल करते. गेल्या तीन वर्षांची कॅलेंडरं तिनं टाकलेली नाहीत. ती घेऊन येतो. रविवारी चालेल?