नवीन धंद्याची आयडिया चेक कशी करता?

नवाभिडू: नोकरी चालू आहे, डोक्यात दोन-तीन आयडिया घोळतायत, मित्रांना विचारलं तर सगळे भारी आहे म्हणतात, पण पैसे अडकवायच्या आधी यात दम आहे की नाही हे तुम्ही नेमकं कसं बघता?

हिशेबी: मित्रांचं सोड रे, भारी म्हणायला काय पैसे पडत नाहीत. ज्याला ती अडचण आहे त्याला विचार की आत्ता तो त्यावर काय करतो, किती खर्च करतो. काहीच करत नसेल तर अडचण तेवढी मोठी नाहीये. आणि घ्याल का असं विचारू नकोस, सरळ अ‍ॅडव्हान्स माग. 1999 मध्ये झॅपोस ही अमेरिकेतली ऑनलाइन बूट विकणारी कंपनी सुरू करताना निक स्विनमर्नने स्टॉक भरलाच नव्हता, दुकानातल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले, ऑर्डर आली की तिथूनच विकत घेऊन पाठवायचा. लोक बूट ऑनलाइन घेतात का एवढंच बघायचं होतं.

उधारीग्रस्त: मागणी असूनही धंदे बुडतात हो. एका नगामागे सगळा खर्च जाऊन 40 उरतात आणि महिन्याचं भाडं-पगार 60,000 असेल तर 1,500 नग विकल्यावर तू कुठे शून्यावर येतोस, एवढी गिऱ्हाईकं दर महिन्याला आणणार कुठून? त्यात माल रोखीने घ्यायचा आणि पार्टी 90 दिवसांनी पैसे देणार, म्हणजे कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट.

नवाभिडू: अ‍ॅडव्हान्सचं सुचलंच नव्हतं. पण कोणी कॉपी केली तर?

हिशेबी: करणारच. तुझ्या ओळखी, कामाचा अनुभव यातलं त्याला पटकन काय जमणार नाही ते बघ. आणि किती बुडाले तर चालतील तो आकडा आधीच ठरव, नोकरी इतक्यात सोडू नकोस.