नवीन फाईल कुठे सेव्ह व्हावी हे ठरवायचं सेटिंगच नाही??

रिकामं_पान:
मंडळी, वैताग आलाय. मी जे डॉक्युमेंटचं सॉफ्टवेअर वापरतो त्यात टूलबारचे आयकॉन लहानमोठे करता येतात, डार्क थीम आहे, बॅकग्राउंडला नक्षीसुद्धा टाकता येते, पण नवीन फाईल कुठे सेव्ह करायची हे सांगायला सेटिंगमध्ये एक ओळ नाही. माझं सगळं काम डी ड्राइव्हवर आणि हा पठ्ठ्या दरवेळी सी मधलं डॉक्युमेंट्स उघडून बसतो, मग डी, त्यात काम, त्यात चालू महिना, तेव्हा कुठे सेव्ह. घाईत एंटर दाबलं गेलं की फाईल भलतीकडे, मग बसा शोधत. आधी हे सेटिंग होतं हो, अपडेटमध्ये उडवलं. काही उपाय आहे का?

कंट्रोल_एस:
सेटिंग कशाला पाहिजे, शेवटचं फोल्डर लक्षात ठेवतं की ते.

रिकामं_पान:
प्रोग्राम बंद करेपर्यंतच ठेवतं. आणि मधेच ईमेलमधून आलेली एखादी फाईल उघडून सेव्ह केली की पुढचं सगळं डाउनलोड्समध्ये. शेवटचं फोल्डर म्हणजे माझं फोल्डर नव्हे ना राव.

जुना_कीबोर्ड:
विंडोज असेल तर सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, विंडोजलाच सांगा. फाईल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, तिथे मूव्ह दाबून डी मधलं फोल्डर द्यायचं. बरेचसे प्रोग्राम डॉक्युमेंट्स कुठे आहे हे विंडोजला विचारूनच तिकडे जातात, त्यामुळे तुमचंही वळेल. जुन्या फाईली पण हलवू का असं विचारेल, ते वाचून मग हो म्हणा. एक मात्र सांभाळा, नुसता डी ड्राइव्ह देऊ नका, आत फोल्डर करून ते द्या. नाहीतर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि परत फिरवताना नाकी नऊ येतात. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) बॅकअप डॉक्युमेंट्सला लागलेला असेल तर तो आधी थांबवा.

टॅबवाली:
वर्डमध्ये हे सेटिंग अजून आहे, फाईल, ऑप्शन्स, सेव्ह. तिथे कॉम्प्युटरवर सेव्ह करायची टिक पण करा, नुसतं फोल्डर दिलं आणि ती टिक करायची राहून गेली तर ते आधी क्लाउडच पुढे करतं. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स. ज्यात सेटिंगच नाही तिथे माझा जुगाड असा की कामाच्या फोल्डरात एक कोरी फाईल ठेवायची, तिला रीड ओन्ली (फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही अशी) करायचं आणि नवीन काम तिच्यातूनच सुरू करायचं. सेव्ह ॲज केलं की बहुतेक वेळा तेच फोल्डर उघडतं, आणि चुकून कोऱ्या फाईलवरच सेव्ह होत नाही.

कंट्रोल_एस:
फाईलच्या नावाच्या जागी अख्खा पाथ (ड्राइव्ह, फोल्डर आणि शेवटी फाईलचं नाव असा पूर्ण पत्ता) टाईप केला तरी थेट तिथेच सेव्ह होतं, माउसला हातच लावायला नको.

रिकामं_पान:
लोकेशन बदललं, चाललं एकदम! रीड ओन्लीवाली आयडियापण उचलली, महिन्याच्या फोल्डरसाठी बरी आहे. फक्त आता गेमच्या सेव्ह फाईलीसुद्धा कामाच्या फोल्डरात येऊन पडल्यात 🤦

जुना_कीबोर्ड:
येणारच, तोही डॉक्युमेंट्सच विचारतो. डी वर डॉक्युमेंट्स नावाचं वेगळं फोल्डर करा, लोकेशन तिथे न्या आणि 'काम' त्याच्या आत ठेवा. सेव्ह करताना एक क्लिक जास्त पडेल, तेवढं चालवून घ्या.