ग्रेट बॅरियर रीफ : आईला घेऊन केव्हा आणि कोठून जावे?

केळीबाग, रावेर

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक असून, पुढील वर्षी आई (वय 68), पत्नी आणि बारावी झालेली मुलगी यांच्यासह ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ पाहण्याचे ठरवीत आहे. मुलीला समुद्री जीवशास्त्र शिकायचे आहे आणि हा बेत मुळात तिच्याच आग्रहाचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत जावे की मे महिन्यात, मुक्काम कोणत्या गावी ठेवावा आणि पोहता न येणाऱ्या आईला तेथे काय पाहता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे. मी स्वतः पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, परंतु समुद्रात कधी उतरलेलो नाही. तेथील प्रवाळ पांढरे पडून मेले, असेही वारंवार वाचनात येते. एवढा खर्च करून गेल्यावर मुलीला जिवंत काही दिसेल ना, ही माझी मुख्य शंका आहे.

पांझराकाठ, धुळे

दादा, आपण सांगितलेले दोन्ही काळ टाळावेत, असे मी आग्रहाने सांगेन. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात उत्तरेकडील किनाऱ्याजवळ विषारी जेलीफिश येतात, आणि त्यातच डिसेंबरपासून पावसाळा असतो. आपल्याकडे पाऊस चालू असतो तेव्हा तिकडे कोरडा, निवळ हिवाळा असतो. म्हणून पोळा आटोपल्यावर आणि घट बसण्यापूर्वी निघालात, तर हवा आणि पाणी दोन्ही चांगले मिळेल. आम्ही सप्टेंबरातच गेलो होतो. पाणी साधारण 24 अंशांचे होते, पण खानदेशच्या उन्हात वाढलेल्या अंगाला ते पहिल्या क्षणी बोचते, तेव्हा बोटीवर मिळणारा अंगभर वेटसूट अवश्य घालावा.

ही प्रवाळरांग सुमारे 2,300 किलोमीटर लांब आहे, त्यामुळे ‘रीफ पाहिली’ म्हणजे तिचा एखादा तुकडा पाहिला, एवढेच. मुक्कामाला आपल्यासाठी त्या किनाऱ्यावरचे केर्न्स शहर सोयीचे. आईसाठी एक दिवस ग्रीन आयलंडला द्यावा. ते केर्न्सपासून 27 किलोमीटरवर असून बोटीने पाऊण तास लागतो. तेथे काचेच्या तळाच्या नावेतून कोरड्या अंगाने प्रवाळ पाहता येतात. दुसरा दिवस बाहेरच्या रीफसाठी ठेवावा. तिकडे जायला दीड तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो आणि काही ठिकाणी रीफला लागूनच मोठे तरंगते फलाट नांगरलेले असतात. आईंना तेथे सावलीत बसता येईल, शिवाय बहुतेक फलाटांवर पाण्याखाली काचेची खोलीही असते. बोट हलते, म्हणून उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावी. मी ती मळमळ सुरू झाल्यावर घेतली आणि पहिला तास कठड्याला धरून काढला.

विहिरीतले पोहणे उपयोगी पडते, परंतु तेथे आपण मान वर ठेवून हात मारतो, आणि येथे तोंड पाण्यात ठेवून नळीने श्वास घ्यायचा असतो. ती सवय नसल्याने मी दोनदा खारे पाणी गिळले. निघण्यापूर्वी महिनाभर जळगावच्या तरणतलावात मास्क आणि नळी लावून सराव करावा. एकदा श्वास स्थिर झाला की घाई राहत नाही. माझ्या खाली हातभर लांबीचा एक महाकाय शिंपला उघडा पडला होता, त्याच्या निळ्याजांभळ्या मांसल कडेवर ठिपके होते, आणि माझी सावली पडताच तो हळूच आखडला. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तो कडकड आवाजही पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

मुलीने स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणे) केले, तर त्यानंतर पूर्ण एक दिवस विमानप्रवास ठेवू नये.

सातपुडा, नंदुरबार

मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून आपल्या मुख्य शंकेपुरते लिहितो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात आणि त्याच्या अन्नाचा बहुतांश भाग तेच पुरवतात. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा दिसू लागतो. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, उष्मा लांबला तर उपासमारीने मरतो. 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 या वर्षी असे व्यापक विरंजन झाले, आणि सावरायला मिळणारा अवधी कमी होत चालला आहे, ही खरी चिंता आहे. तरीही सुमारे 2,900 प्रवाळभित्तींची स्थिती एकसारखी नसते. 2022 मध्ये उत्तर व मध्य भागात प्रवाळांचे आच्छादन उच्चांकी नोंदले गेले होते, आणि 2024 च्या उष्म्यानंतर ते पुन्हा घटले. मुलीला जिवंत प्रवाळ निश्चित दिसतील. मात्र निरोगी प्रवाळ पुष्कळदा तपकिरी, पिवळसर किंवा हिरवट असतात, हे तिला आधी सांगून ठेवावे, कारण छायाचित्रांतील भडक लाल रंग बहुधा कॅमेऱ्याच्या दिव्यामुळे उठून दिसतो.

आपण शेतकरी आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. तेथील ऊस आणि केळीच्या शेतांतून वाहून जाणारी माती व नत्र हे या रीफचे मोठे दुखणे आहे. त्या खतावर वाढणाऱ्या प्लवकांमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे) प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांच्या पिल्लांचेही फावते, असे मानले जाते. ठिबकमधून मोजून खत देणाऱ्या माणसाने ते किनाऱ्यावरील शेत आणि पलीकडची रीफ एकत्र पाहावी, असे मला मनापासून वाटते.

वाघूर, भुसावळ

भाऊ, आपल्या बागेतील माती लागलेले बूट मुळीच नेऊ नका. केर्न्सच्या दक्षिणेला टुली परिसरात 2015 मध्ये केळीवरील पनामा रोगाचा टीआर-4 प्रकार सापडला आणि तेथे मातीबद्दल फार कडक दक्षता घेतली जाते. विमानातील अर्जात शेतावर गेल्याचे आणि सोबतच्या प्रत्येक खाद्यपदार्थाचे स्पष्ट लिहावे. आम्ही बिबड्या आणि मसाला लिहून दाखवला. अधिकाऱ्याने पिशवी उघडून पाहिली आणि परत दिली. ताजी फळे, बियाणे आणि दुधाची मिठाई घरीच ठेवावी.

केळीबाग, रावेर

सर्वांचे आभार. सप्टेंबर नक्की केला आहे. आईला जाड भिंगांचा चष्मा आहे. मुलगी म्हणते की आजीलाही तरंगण्याचे जाकीट घालून पाण्यात उतरवू. चष्म्याच्या नंबरचा मास्क तेथे मिळतो का?

पांझराकाठ, धुळे

पुष्कळ बोटींवर ठरावीक नंबरांचे मास्क असतात, मात्र तिकीट काढतानाच तसे कळवावे. आईंचा रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर बोटीवरच्या आरोग्यपत्रकात तो न लपवता लिहावा आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचे मत घ्यावे.